१९२.१६८.१.१०० वर दोन दावेदार: घरच्या गेमिंग कन्सोलमध्ये हाताने भरलेल्या नेटवर्क सेटिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधलं दुमजली घर. खाली बैठकीची खोली, आजोबांची खोली, स्वयंपाकघर. वर मुलाची आणि आईवडिलांची खोली. वडिलांचं प्लंबिंगच्या साहित्याचं दुकान, आई शिक्षिका, मुलगा अकरावीत. आई माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. मी एका कंपनीत नेटवर्कचं काम बघते, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं, गल्ली, नेट कोणाचं हे मुद्दाम दिलेलं नाही.

घरात फायबरचं नेट. बैठकीत टीव्हीच्या वर भिंतीवर ओएनटी, म्हणजे ज्यात फायबर येऊन संपतो तो पांढरा डबा. वायफायही त्याचंच, आणि मागे चार लॅन पोर्ट. एका पोर्टमध्ये सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा. फाटक, पार्किंग आणि मागची बोळ दाखवणारे चार कॅमेरे तीन वर्षांपूर्वी बसवलेले. आजोबा दुपारभर घरी एकटे असतात आणि वडील दुकानातून मोबाइलवर मधूनमधून घर बघतात. या घरात कॅमेरे शोभेचे नाहीत हे आधीच सांगायला हवं, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावरच ठरले.

मुलाकडे वरच्या खोलीत प्लेस्टेशन ४, स्लिम मॉडेल. वायफाय वरपर्यंत नीट पोचत नसे. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचा मामेभाऊ राहायला आला आणि दोघांनी मिळून जिन्याच्या कडेने २० मीटरची लॅन केबल वर ओढली. हे त्यांनी फार चांगलं केलं. खेळायला वायफायपेक्षा तार केव्हाही बरी, आणि माणूस बोलावण्याऐवजी पोरांनी स्वतः खिळे ठोकून ती नीट बसवली होती.

त्याच संध्याकाळी ‘पिंग कमी करा’ (पिंग म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) अशा एका व्हिडिओवरून कन्सोलमध्ये आकडे भरले गेले. सेटिंग्ज, नेटवर्क, इंटरनेट कनेक्शन सेट करा, लॅन केबल, आणि तिथे ‘ईझी’ऐवजी ‘कस्टम’. मग एकेक पान: आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्राची ओळख असलेला आकडा) ‘मॅन्युअल’ म्हणजे हाताने भरायचा करून १९२.१६८.१.१००, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस ८.८.८.८ आणि ८.८.४.४, एमटीयू १४७३, प्रॉक्सी नाही. चाचणी घेतली. आयपी मिळाला, इंटरनेट जोडलं गेलं, प्लेस्टेशन नेटवर्कला साइन-इन झालं. सगळ्यावर ‘यशस्वी’. फक्त एका ओळीत ‘नॅट टाइप ३’ होतं (त्याबद्दल पुढे), तिकडे कोणी फारसं पाहिलं नाही.

समस्या, घराला दिसली तशी

दोन महिन्यांत घरात दोन तक्रारी रुजल्या होत्या. दोन्हींची खाती वेगळी.

मुलाची तक्रार अशी की फुटबॉलचा ऑनलाइन सामना मध्येच तुटतो. कधी पाच मिनिटांनी, कधी वीस. तुटलेला सामना हरल्यात धरतात. शिवाय मामेभावाशी पार्टीमध्ये, म्हणजे खेळताना एकमेकांशी बोलायच्या सोयीत, आवाज जात नाही. दोघं एकमेकांची नावं बघतात, पण बोलणं होत नाही.

वडिलांची तक्रार होती की मोबाइलवर कॅमेरे ‘ऑफलाइन’ दिसतात. एकदा दुपारी आजोबांनी फोन उचलला नाही, कॅमेरेही बंद, म्हणून ते दुकान उघडं टाकून घरी आले. आजोबा गाढ झोपले होते. त्या दिवसापासून या विषयाला धार आली.

वडील म्हणत होते, “याच्या गेममुळे कॅमेरे बंद पडतात.” मुलाचं उत्तर बिनतोड होतं: “बाबा, दुपारी मी कॉलेजात असतो. गेम बंद असतो.” मैत्रिणीने दोनतीनदा तपासून पाहिलं होतं आणि मुलगा खरं बोलत होता. वडिलांचा मुद्दा तिथेच खोडला गेला. खरं तर त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, पण पुरावा विरुद्ध दिसत असल्यामुळे सगळ्यांनी ते सोडून दिलं. या प्रकरणातलं पहिलं चुकलेलं वळण मला हेच वाटतं.

मग ‘नेटच कमी पडतंय’ असं ठरवून ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा केला. महिन्याला दोनशे रुपये वाढले, दोन्ही तक्रारी जागेवर राहिल्या. ऑनलाइन सामन्याला लागणारा डेटा व्हिडिओच्या मानाने अगदी थोडा असतो. तिथे वेग नव्हे, सातत्य लागतं. तुटणाऱ्या जोडणीला वेग वाढवून काही होत नाही. पण नेट खराब म्हटलं की मोठा प्लॅन, हा उपाय आपल्याकडे इतका हाताशी असतो की त्याआधी कोणी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट मैत्रीण फोनवर सहज बोलून गेली: “लाइट जाऊन आली ना, की कॅमेरे अगदी नीट चालतात. मग संध्याकाळपासून पुन्हा तेच.” हे वाक्य मी कागदावर लिहून घेतलं.

पहिली भेट

जानेवारीतला रविवार. मी गेले तेव्हा चहा व्हायच्या आत मुलाने मला वर नेलं. “मावशी, पोर्ट फॉरवर्ड करून दे ना, म्हणजे टाइप २ होईल.” पोर्ट फॉरवर्ड म्हणजे बाहेरून येणाऱ्या ठरावीक जोडण्या राउटरने थेट एका यंत्राकडे वळवणं. त्याचा अभ्यास चांगला होता. तो काय बोलतोय ते त्याला कळत होतं. मी त्याला आधी फक्त सध्याचे आकडे दाखवायला सांगितले, आणि ते बघताना कन्सोलच्या दिव्याकडे लक्ष गेलं. खोलीत शिरलो तेव्हा तो नारिंगी होता.

प्लेस्टेशन ४ चा नारिंगी दिवा म्हणजे रेस्ट मोड. पडदा काळा असतो, आवाज नसतो, पण ‘इंटरनेटशी जोडलेलं राहा’ ही खूण चालू असेल तर यंत्र नेटवर्कवर जागंच असतं. मुलगा कधीच कन्सोल पूर्ण बंद करत नसे. म्हणजे दुपारी गेम बंद होता, कन्सोल मात्र बंद नव्हता. आणि लाइट जाऊन आली की? डीव्हीआर आपोआप सुरू होतो, ओएनटी सुरू होतो, कन्सोल मात्र कोणी बटण दाबेपर्यंत बंद राहतो. संध्याकाळी मुलगा तो सुरू करतो. मैत्रिणीचं वाक्य तिथे चपखल बसलं.

तरी हा अजून अंदाजच होता. कन्सोलची लॅन केबल काढली, खाली येऊन लॅपटॉपवरून १९२.१६८.१.१०० ला पिंग केलं, म्हणजे ‘कोणी आहे का’ असा छोटा संदेश पाठवला. ज्या यंत्राचा हा पत्ता, त्याची तार माझ्यासमोर उपसलेली, म्हणजे उत्तर यायलाच नको होतं. चारही वेळा उत्तर आलं.

घरातलं दुसरंच कोणीतरी त्या पत्त्यावर राहत होतं. लॅपटॉपमधला एआरपीचा तक्ता काढला. कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याच्या (यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकाच्या) यंत्राकडे आहे हे त्यात दिसतं. मॅक पत्त्याचे पहिले सहा अंक बनवणाऱ्या कंपनीचे असतात. ते कन्सोलच्या कंपनीचे नव्हते, सीसीटीव्हीचं सामान बनवणाऱ्या कंपनीचे होते. पाच मिनिटांत वडिलांच्या मोबाइलवर कॅमेरेही परत आले.

डीव्हीआरला कायमचा पडदा जोडलेला नव्हता. टीव्हीची तार त्याला लावून त्याच्यातली नोंद उघडली तर ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’, म्हणजे पत्त्यांची टक्कर, या शब्दांची रांगच्या रांग. सगळ्यात जुनी ओळ दिवाळीतल्या त्याच संध्याकाळची. यंत्र दोन महिने सांगत होतं, बघायला पडदा नव्हता.

नेमकं काय होत होतं

घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम सहसा ओएनटी किंवा राउटर करतो. त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. मोबाइल आला, पत्ता मागितला, राउटरने मोकळा पत्ता दिला आणि आपल्या यादीत लिहिला. हाताने भरलेला पत्ता या यादीतून जात नाही. यंत्र सरळ म्हणतं की १०० (पत्त्याचा शेवटचा आकडा) माझा, आणि वापरायला लागतं.

तीन वर्षांपूर्वी सीसीटीव्हीवाल्याने डीव्हीआरला १०० हा पत्ता हाताने दिला होता. व्हिडिओतल्या माणसानेही १०० च सांगितला. दोघांनाही तो सोपा, लक्षात राहणारा आकडा वाटला असणार, आणि त्यात आश्चर्य नाही. राउटरच्या तक्त्यात १०० समोर एकाच यंत्राचं नाव राहू शकतं आणि जो शेवटचा बोलला त्याचं ते लागतं. कन्सोल बोलला की बाहेरून आलेलं सगळं त्याच्याकडे, आणि कॅमेरे ऑफलाइन. थोड्या वेळाने डीव्हीआर बोलला की सगळं त्याच्याकडे, आणि सामना तुटला.

मी हे समजावत असताना वडील मध्येच म्हणाले, “म्हणजे दोघांचीही वहिवाट आहे, पण सातबाऱ्यावर नोंद कोणाचीच नाही.” सिन्नरकडे त्यांची थोडी शेती आहे. मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं, आणि तेव्हापासून मीही लोकांना असंच सांगते.

व्हिडिओतले बाकीचे आकडे

पत्त्याशिवाय बाकीचेही आकडे भरले होते, त्यातल्या डीएनएस आणि एमटीयू या दोन गोष्टी महत्त्वाच्या. त्या निरुपद्रवी होत्या, तरी त्यांच्याबद्दल गैरसमज फार असल्यामुळे थोडं लिहिते.

डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. ८.८.८.८ ही गूगलची सार्वजनिक सेवा २००९ पासून आहे, १.१.१.१ ही क्लाउडफ्लेअरची २०१८ पासून. नेट पुरवणाऱ्याचा डीएनएस अडखळत असेल तर यांचा खरा फायदा होतो. पण सामना सुरू झाल्यावर नाव शोधायचं काम संपलेलं असतं. त्यामुळे सामन्यातलं पिंग डीएनएस बदलून कमी होत नाही.

एमटीयू म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा. इथरनेटवर १५००. या घरासारखं पीपीपीओई पद्धतीने, म्हणजे युजरनेम-पासवर्ड घालून जोडलेलं नेट असेल तर ८ बाइट त्या वेष्टनात जातात आणि १४९२ उरतात. मी लॅपटॉपवरून, पाकीट फोडायचं नाही अशी अट घालून मोजलं: १४६४ बाइटचं पिंग गेलं, १४६५ चं अडलं. पाकिटावरच्या पत्त्याचे वगैरे वरचे २८ बाइट मिळवले की १४९२. मग १४७३ कुठून आला? माझ्या मते कोणाच्या तरी जोडणीवर तो चालला आणि मग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. तो लहान असल्यामुळे इथे काही मोडलं नाही, पण मिळालंही काही नाही.

पत्ता कसा सोडवायचा: समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे कन्सोल ‘ऑटोमॅटिक’वर परत टाकायचा आणि घरी जायचं. त्या संध्याकाळपुरतं मी तेच केलं. पण तेवढ्यावर थांबले असते तर अर्धंच काम झालं असतं. ओएनटी २ पासून २५४ पर्यंतचे सगळे पत्ते वाटत होता. डीव्हीआरचा १०० त्या वाटपाच्या पोटात बसला होता. पुढेमागे एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलला तो मिळाला असता आणि पुन्हा हेच.

कन्सोलला हातानेच दुसरा आकडा द्यायचा, समजा १५०, असा मुलाचा आग्रह होता. वाटपाच्या टापूतला कुठलाही आकडा हाताने घेतला तर धोका तोच, फक्त दार दुसरं.

उरला तिसरा मार्ग: पत्ता कायम ठेवायचा, पण तो राउटरच्या यादीत लिहून. त्याला रिझर्व्हेशन म्हणतात. कन्सोल ‘ऑटोमॅटिक’वरच राहतो, राउटर त्याचा मॅक पत्ता ओळखतो आणि दर वेळी तोच आकडा देतो. कायम पत्त्याचा सगळा फायदा मिळतो आणि नोंद एका जागी राहते. मला घरगुती कन्सोलसाठी हाच मार्ग योग्य वाटतो. कन्सोलच्या पडद्यावर आकडे भरायची वेळ फक्त राउटरमध्ये ही सोय नसेल तरच यावी.

अडचण होती ती प्रवेशाची. ओएनटीच्या मागच्या चिठ्ठीवरच्या पासवर्डने फक्त वायफायचं नाव बदलता येत होतं. वरच्या दर्जाचा पासवर्ड केबलवाल्याकडे, म्हणजे नेट देणाऱ्याकडे. तो त्याने फोनवर दिला नाही, आणि ते बरोबरच केलं. दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस आला आणि त्याने समोर बसून बदल करून दिले.

काय केलं

वाटपाचा टापू २० ते १४९ इतका आवळला. हाताने द्यायचे पत्ते २०० च्या पुढे, असं ठरवून डीव्हीआरला २०१ दिला. मोबाइलवरचं ॲप डीव्हीआरच्या अनुक्रमांकावरून कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडलं जात असल्यामुळे पत्ता बदलूनही ते तसंच चाललं. कन्सोलला ५० चं रिझर्व्हेशन केलं. इथे एक काळजी घ्यावी लागते: कन्सोलला दोन मॅक पत्ते असतात, एक वायफायचा आणि एक लॅन केबलचा. सिस्टिम इन्फर्मेशनच्या पानावर दोन्ही दिसतात, आणि आपल्याला तारेचा हवा असतो.

कन्सोलमध्ये आयपी आणि एमटीयू ‘ऑटोमॅटिक’ केले. डीएनएस मुलाने भरलेलाच राहू दिला. तो कशाला दुखत नव्हता, आणि पोराने मेहनतीने शिकून केलेलं सगळंच पुसून टाकावं असं मला वाटलं नाही.

डीव्हीआरचा पासवर्ड मात्र तिथल्या तिथे बदलायला लावला. एक ते सहा असे ओळीने अंक होते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले असेच सोप्या पासवर्डचे डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठ्या सेवा काही तास कोलमडल्या. प्लेस्टेशन नेटवर्क त्यातलंच एक. हे ऐकून मुलाने खाली जाऊन डीव्हीआरकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

नॅट टाइपचा वेगळा प्रश्न

सामने तुटणं त्या दिवसापासून थांबलं, कॅमेरे स्थिर झाले. पण नॅट टाइप ३ तसाच होता आणि मामेभावाचा आवाज अजून येत नव्हता. नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांनी बाहेर एकच पत्ता वापरायची राउटरची पद्धत. टाइप १ म्हणजे मोकळं मैदान, २ म्हणजे राउटरमागे पण चालण्यासारखं, ३ म्हणजे दुसऱ्या खेळाडूशी थेट जोडणीत अडथळा. दोन टोकांना दोन्ही ३ असले तर आवाजाची पार्टी जुळणं अवघडच, आणि पुण्यालाही ३ च होता.

मुलाची पोर्ट फॉरवर्डची मागणी पुन्हा पुढे आली. त्याआधी ओएनटीच्या स्थितीच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला. तो १०० ने सुरू होत होता (याचा डीव्हीआरच्या १०० शी संबंध नाही) आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला. हा टापू २०१२ मध्ये खास नेट पुरवणाऱ्यांसाठी राखून ठेवला गेला. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी; आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून नेटवाले अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी आपल्या डब्यात कितीही पोर्ट उघडा, पुढचं दार केबलवाल्याकडे असतं आणि ते बंदच राहतं. अनेक घरांतली पोरं इथे दिवसच्या दिवस घालवतात. बाहेरचा पत्ता बघायला एक मिनिट लागतं.

केबलवाल्याकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत होता: वर्षाला दीड हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. वडील लगेच तयार झाले, कारण ‘काहीतरी नीट होतंय’ अशी हवा घरात होती. मी महिनाभर थांबायला सांगितलं. सार्वजनिक पत्ता घेतला की कॅमेऱ्यांचा डबाही रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहतो. आधी तो बंदोबस्तात हवा. शिवाय पत्त्याची टक्कर संपल्यावर मूळ त्रासातलं किती उरतं ते मोजायला हवं होतं. महिन्याभरात सामना एकदाही तुटला नाही. फक्त आवाज उरला. तेवढा वेळ दोघं भाऊ मोबाइल स्पीकरवर ठेवून खेळले.

फेब्रुवारीत सार्वजनिक पत्ता घेतला, ओएनटीवर यूपीएनपी चालू केलं, म्हणजे गेमला लागेल ते पोर्ट कन्सोल स्वतः मागून घेईल. टाइप २ झाला, पार्टीत आवाज गेला. १०० चा प्लॅन परत ५० वर आणला, आणि वाचलेल्या पैशातून पत्त्याचा खर्च निघाला.

एप्रिलमधला उलटा फेरा

इथे प्रकरण संपलं असं मी धरलं होतं. एप्रिलमध्ये मागच्या बोळीचा कॅमेरा बिघडला आणि सीसीटीव्हीवाला आला. त्याच्या डायरीत या घरासमोर १०० लिहिलेलं. डीव्हीआर त्या पत्त्यावर सापडेना, नवा पासवर्ड त्याला माहीत नाही, घरी फक्त आजोबा. त्याने डीव्हीआर रीसेट केला, डायरीतला १०० पुन्हा भरला, नेहमीचा सोपा पासवर्ड ठेवला, कॅमेरा बदलला आणि गेला. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याने काम चोख केलं.

रीसेटनंतर डीव्हीआरमधली यूपीएनपीची खूणही चालू झाली होती. ओएनटीवर मीच ते चालू ठेवलं होतं. डीव्हीआरने आपल्यासाठी पोर्ट मागून घेतला, ओएनटीने दिला, आणि घराबाहेरच्या कोणालाही सोप्या पासवर्डपाशी येऊन उभं राहता येईल अशी वाट तयार झाली. आजोबा दुपारी एकटे असतात त्या घराचं फाटक जगाला दिसण्याची ती वाट होती. आठवून अजूनही अस्वस्थ होते.

हे मुलाने पकडलं. त्याला ओएनटीचं यूपीएनपीचं पान बघायची सवय लागली होती. कन्सोलच्या ५० च्या ओळीखाली १०० ची एक ओळ दिसली आणि त्याने मला फोटो पाठवला: “मावशी, हा १०० परत कसा आला?” मध्ये तीन दिवस गेले होते. डीव्हीआरच्या नोंदीत बाहेरून कोणी शिरल्याचं दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी यूपीएनपी दोन्हीकडे बंद केलं, डीव्हीआर २०१ वर नेला, पासवर्ड बदलला. कन्सोलसाठी मोजके पोर्ट हाताने ५० कडे वळवले: यूडीपी ३४७८ आणि ३४७९, टीसीपी ३४७८ ते ३४८० (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती). याद्यांमध्ये ८० आणि ४४३ हेही दिसतात, पण ते कन्सोल बाहेर जाताना वापरतो. ते आत वळवायचं कारण नाही. टाइप २ कायम राहिला.

पुन्हा वेळ आली तर

दोन्ही तक्रारींच्या वेळा मी सुरुवातीलाच एका कागदावर शेजारी-शेजारी लिहायला लावीन. घरच्यांनी त्या कधी एकत्र पाहिल्याच नाहीत. कॅमेरे वडिलांचे आणि गेम मुलाचा, अशी वाटणी झाली होती.

कन्सोलमध्ये हाताने आकडे भरण्याआधी ‘ऑटोमॅटिक’ असताना दिसणारे सगळे आकडे फोटो काढून ठेवावेत आणि जो पत्ता घ्यायचा त्याला लॅपटॉपवरून पिंग करून बघावं. दिवाळीच्या संध्याकाळी एवढं झालं असतं तर डीव्हीआरने तेव्हाच उत्तर दिलं असतं.

यूपीएनपीचा निर्णय माझा होता आणि तो मी घाईने घेतला. एकट्या कन्सोलचं घर असतं तर तो चालला असता. डीव्हीआर असलेल्या आणि सार्वजनिक पत्ता घेतलेल्या घरात मी आता पहिल्यापासून मोजके पोर्टच वळवीन, त्याला अर्धा तास जास्त लागला तरी.

आणि सीसीटीव्हीवाल्याला फोन. जानेवारीत डीव्हीआरचा पत्ता बदलला तेव्हा तो करायला हवा होता. नव्या पत्त्याची नोंद माझ्या लॅपटॉपमध्ये होती, जुनी त्याच्या डायरीत होती, आणि ज्या घराचा प्रश्न त्या घरात एकही नव्हती.

आता ओएनटीच्या शेजारी भिंतीवर मुलाच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला आहे. यंत्र, पत्ता, कोणी दिला, कधी: असे चार रकाने. जूनमध्ये सीसीटीव्हीवाला पुन्हा आला होता, पाचवा कॅमेरा लावायला. हा नेटवर्कवर चालणारा कॅमेरा होता, त्याला स्वतःचा पत्ता लागतो. आजोबांनी त्याला आधी कागदापाशी उभं केलं. शेवटची ओळ त्याच्या अक्षरात आहे: मागची बोळ, १९२.१६८.१.२०२.